फोटोच्या कडेचा हात

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लाकडी ठोकळा ठेवलेला असतो. तळहाताएवढा. त्याच्या एका अंगाला जस्ताचा पत्रा ठोकलाय, आणि तो उजेडात तिरका धरला तर एक माणूस आणि एक बैल दिसतो. पूर्वी वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर असा ब्लॉक करून घ्यावा लागे. बेळगावात कॉलेजची काही मुलं आणि नव्याने वार्ताहर झालेले तरुण अधूनमधून जमतात आणि मला बोलावतात. पोटासाठी गाव सोडून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या बातम्या कशा वाचायच्या, कशा लिहायच्या, यावर आम्ही बोलतो. त्या दिवशी हा ठोकळा मी पिशवीत घालून नेते. मुलं तो हातातून हातात फिरवतात आणि मग आपापल्या मोबाईलवर काय काय आलंय ते मला दाखवतात. मागच्या खेपेला एका मुलाने एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी स्टेशनबाहेर गाठोडी घेऊन बसलेली माणसं, आणि खाली लिहिलेलं की आपल्या भागात बाहेरचे लोक आलेत, पोरंबाळं सांभाळा. 'हे खरंय का मॅडम?' असं त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, त्याला धाकटी बहीण आहे. मला त्याचा राग आला नाही. अशी धास्ती काय असते ते मला सातवीपासून ठाऊक आहे.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, वेदगंगेच्या काठाला. माझे वडील, म्हणजे अण्णा, गावात सायकली दुरुस्त करायचे आणि बेळगावच्या एका दैनिकाचे वार्ताहरही होते. या दोन्हींपैकी पोट भरायचं सायकलींवर आणि मान मिळायचा बातम्यांवर. त्यामुळे आमच्या घरात पंक्चरच्या सोल्युशनचा वास आणि बातमीची धाकधूक या दोन गोष्टी कायम असत. बातमी लिहून झाली की अण्णा ती पाकिटात घालून फाट्यावर जात आणि बेळगावच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देत. मग सुरू होई आमची काळजी. पाकीट पोचलं का, बातमी लागली का, लागली तर कापून किती उरली. आईची काळजी वेगळीच. बातमी लागलीच तर कोण चिडेल, ही. अण्णा पेपर वाचत तेव्हा ती चुलीपुढून त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. 'कागदावर एकदा उमटलं की पुसता येत न्हाय,' असं तिचं म्हणणं. ती स्वतः पेपर कधी हातात घ्यायची नाही. अक्षरं लावून लावून वाचता यायचं तिला, पण म्हणायची, भाकरी करपवून कुठल्या गावची आग वाचू?

पहाटे पहिली गाडी फाट्यावर हॉर्न द्यायची, तो ऐकला की मी उठून पळायचे. ड्रायव्हर खिडकीतून पेपरांचा गठ्ठा खाली टाकी. तो घरी आणायचा, दोरी सोडायची, आणि अण्णांनी बघून झालं की मी माझं काम करायचं. शाळेत रोज प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला मी असे. वार्ताहराची मुलगी म्हणून हा मान आपोआप माझ्याकडे आला होता, माझ्या आवाजाचा त्यात काही वाटा नव्हता. माझा आवाज इतका बारीक की गुरुजी रोज म्हणत, 'मागं ऐकू आलं न्हाय, परत वाच.' एक रीत होती. अण्णांची बातमी लागली असेल तर ती पहिली वाचायची, मग दिल्ली-बेंगळूर. गुरुजींनीच ती पाडली होती. गावाचं नाव पेपरात आलं की आपलं गाव नकाशावर आहे असं मुलांना वाटतं, असं ते म्हणत. सीमेवरच्या गावाला असं वाटून घ्यायची गरज जरा जास्तच असते.

थंडीला सुरुवात झाली की बीडकडची ऊसतोड माणसं येत. गावाबाहेरच्या गायरानात त्यांच्या कोप्या उभ्या राहात, चटयांच्या आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्या. पहाटे त्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आमच्या दारावरून जाई. तो ऐकतच मी कूस बदलत असे. त्यांतली काही पोरं गुरुजी स्वतः कोप्यांवर जाऊन शाळेत घेऊन येत. मंदा ही त्यांच्यातलीच. माझ्याच वयाची, पण बसायची तिसरीच्या रांगेत, कारण दरवर्षी अर्धी शाळा तिची रस्त्यातच राहायची. तिच्या बोलण्याला पोरं हसायची. आम्ही 'न्हाय' म्हणायचो, ती 'न्हाई' म्हणायची, एवढंच खरं तर. ती बाजरीची भाकरी आणायची आणि मी जोंधळ्याची. आम्ही अदलाबदल करायचो, आणि माझ्या आईच्या खर्ड्यावर ती जीव टाकायची. संकेश्वरी मिरचीचा तो खर्डा खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी हात थांबायचा नाही.

तिची माझी ओळख आदल्या वर्षीची, मी सहावीत असतानाची. त्या वर्षी हंगामाची पहिली उसाची बैलगाडी गावातून कारखान्याला निघाली तेव्हा अण्णांनी फोटो काढला होता. पहिल्या गाडीची पूजा करायची आमच्याकडे पद्धत. ती गाडी मंदाच्या वडिलांची, किसनची, होती. बैलांच्या शिंगांना फुगे आणि रिबिनी, किसनच्या डोक्याला नवा पटका. सगळं गाव भोवती. भैरू आप्पांनी, म्हणजे गावातल्या मोठ्या ऊसवाल्यांनी, नारळ फोडला आणि आईने बैलांना ओवाळलं. निपाणीच्या फोटोग्राफरकडून मागून आणलेला कॅमेरा हातात घेऊन अण्णा गर्दीला मागे हटवत होते. तो फोटो पहिल्या पानावर छापून आला. खाली लिहिलं होतं, ऊसतोड मजूर. मंदाने तो कापून घेतला आणि भाताच्या शिताने त्यांच्या पत्र्याच्या पेटीवर आतल्या बाजूने चिकटवला. पेटी उघडली की तिचा बाप दिसायचा.

दुसऱ्या वर्षी हंगाम निम्म्यावर आला असताना नदीकाठच्या पाण्याच्या मोटारींच्या तारा चोरीला गेल्या. तांब्याची तार, महाग. भैरू आप्पांची गेली, आणखी दोघा-तिघांची गेली. पिकाला पाणी देता येईना, माणसं कावली. आता मागे वळून बघते तेव्हा ही बातमी कशी झाली ते मला पायरी-पायरीने दिसतं, आणि हसावं की रडावं कळत नाही. भैरू आप्पा निपाणीला फौजदारांकडे गेले आणि म्हणाले, गावात बाहेरची माणसं आल्यात. फौजदारांनी ते लिहून घेतलं. अण्णा फौजदारांकडे गेले, तर फौजदार चहा पिता पिता म्हणाले, बाहेरच्यांची चौकशी करणार आहोत. अण्णांनी बातमीत शेवटी एक ओळ घातली, की पोलीस बाहेरून आलेल्यांची चौकशी करणार असल्याचं समजतं. बेळगावला ती ओळ शेवटून उठली आणि मथळ्यात जाऊन बसली. तीच बातमी गावात परत आली तेव्हा भैरू आप्पा म्हणाले, बघा, पेपरातबी आलंय.

पण एवढ्यावर भागलं नव्हतं. त्या सकाळी गठ्ठा सोडला आणि अण्णांच्या तोंडचं पाणीच पळालं. मथळा होता, तारचोरीप्रकरणी ऊसतोड मजुरांवर संशय. आणि मथळ्याखाली फोटो होता तो आदल्या वर्षीचा, किसनचा. नवा पटका, बैलाच्या मानेवर हात, आणि हसू. अण्णा दोनदा म्हणाले, 'हा फोटो मी दिलेला न्हाय.' मग खाली बसले. आई चुलीपुढून बघत होती. तिने तवा उतरवून ठेवला. अण्णांनी शर्ट बदलला आणि बेळगावला जातो म्हणून निघाले. उंबऱ्यातून मागे वळून मला एवढंच म्हणाले, 'सुमे, आज शाळेत ही बातमी वाचायची न्हाय.' मी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं. पेपर पोटाशी धरून मी शाळेला निघाले. वाटेत दुकानापुढे चार माणसं एकाच पेपरावर वाकलेली दिसली आणि मला वाटलं, शाळेला न जाता सरळ गायरानात पळावं. पण तिथे जाऊन काय सांगायचं, हे सुचेना.

शाळेच्या फाटकात मंदा उभी होती. माझी वाट बघत. ती माझ्याबरोबर पेपर बघायची, चित्रं बघण्यापुरतं. मी पेपर जास्तच घट्ट धरला तसं तिने तो ओढला आणि पहिल्या पानावरच तिला तिचा बाप दिसला. ती उडीच मारायची राहिली. मला आजही तिचा तो चेहरा आठवला की हातातलं काम थांबतं. तिला मथळा लावता येत नव्हता. तिला फक्त फोटो दिसत होता, आणि दोन वर्षांत दोनदा पेपरात येणारा माणूस गावात तिच्या बापाशिवाय दुसरा कोण होता? 'औंदा बी आला,' ती म्हणाली. 'पयली हीच वाचायची ना?' मी पेपर तिच्या हातातून काढून घेतला. घंटा झाली.

प्रार्थना झाली, सुविचार झाला, आणि मी पायरीवर चढले. पेपरची घडी उलटी करून मी दिल्लीची बातमी वाचायला लागले. गुरुजींनी हात वर केला. 'आज अण्णांची बातमी न्हाय?' मी मानेनेच नाही म्हटलं. आणि तिसरीच्या रांगेतून, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा, मंदाचा आवाज आला.

'हाये, गुरुजी. माह्या बापाचा फोटू बी हाये.'

काही मोठी पोरं हसली. त्यांनी दुकानापुढे ऐकलेलं होतं. गुरुजींनी पुढे येऊन माझ्या हातातून पेपर घेतला, पहिलं पान उलगडलं, आणि वाचत राहिले. एवढी छोटी बातमी वाचायला त्यांना इतका वेळ का लागतोय, असं मला झालं. शेवटी त्यांनी पेपरची घडी घातली आणि ती काखेत धरली. आज बातम्या पुरेत, वर्गात चला, असं म्हणाले. मंदा माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मी मुद्दाम वाचली नाही.

दुपारच्या सुट्टीपर्यंत चावडीपुढे पोलिसांची जीप आली होती. आम्ही पोरं भिंतीला टेकून उभी राहिलो. पाच-सहा ऊसतोड माणसं उन्हात उकिडवी बसली होती आणि किसन त्यांच्यात पुढे. फडातून तसाच उठवून आणलेला, अंगाला पाचटाची बारीक कुसळं लागलेली. फौजदारांपुढे टेबलावर पेपर होता. त्यांना टोळीने घेऊन येणारा मुकादम लांब उभा राहून बोटं मोडत होता, आपल्याला यात ओढू नये एवढीच त्याची इच्छा दिसत होती. पंचायतीचे चेअरमन फौजदारांशी कानडीत बोलत होते. आमच्याकडच्या पोरांना कानडी कळते, म्हणून ऐकू आलं ते सगळं मला कळत होतं. चेअरमन विचारत होते, याच माणसावर संशय का? फौजदार पेपरवर बोट ठेवून म्हणत होते, फोटो आलाय की. तिथे जमलेल्या प्रत्येक माणसाने आदल्या वर्षी ती पूजा बघितली होती. पेढे खाल्ले होते. पण फोटोच्या वर मथळा बसल्यावर कुणाला ते आठवत नव्हतं, किंवा आठवत असून कुणी बोलत नव्हतं. गर्दीत मागून कुणीतरी म्हणालं, दोन टोले द्या, बोलतोय का न्हाय बघा. आणखी दोघांनी त्याला दुजोरा दिला. मंदा कुठेच दिसत नव्हती. मी घराकडे पळाले.

आई सोप्यात मिरच्या कांडत होती. मी धापा टाकत सांगितलं. अण्णा नाहीत, संध्याकाळशिवाय येत नाहीत, आणि तोपर्यंत किसनमामाचं काय होईल? आईने मला गठ्ठ्यातला उरलेला पेपर आणायला लावला. तिने पहिल्यांदाच पेपर असा समोर धरलेला मी बघितला. तिने मथळा लावला नाही. फोटोच बघितला, बराच वेळ. मग फोटोच्या डाव्या कडेला तिने नख टेकवलं. तिथे एक हात होता. मनगटापासून पुढचाच, बाकीचं माणूस कापलं गेलेलं. हातात ओवाळायचं ताट, आणि ताटाखाली आलेली करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. आईची करंगळी लहानपणी जोंधळा कापताना विळ्याने तुटता तुटता राहिली होती, ती तशीच वाकडी जोडली गेली. आजवर तो फोटो मी कितीदा तरी बघितला होता. मंदाच्या कोपीत गेले की पेटीवर तर दर वेळी. मला तो हात दिसला नव्हता.

आई उठली. हात धुवायचं तिला सुचलं नाही. डोक्यावर पदर घेऊन ती चालायला लागली आणि मी तिच्या मागून. आमच्याकडे बायका चावडीपुढून जायच्या त्या लांबून, नजर खाली घालून. आई चावडीवर जातेय हे लक्षात आलं तेव्हा मला किसनपेक्षा तिच्यासाठी भीती वाटायला लागली. हिला कुणी काही बोललं तर? अण्णांची वार्ताहरकी गेली तर? उद्यापासून आम्ही गावात कसं राहायचं? भित्र्या माणसाला एका वेळी एकच भीती पुरत नाही.

गर्दीने वाट दिली. आईने फौजदारांपुढच्या टेबलावर, पेपरवर, आपला डावा हात पालथा ठेवला. लाल तिखटाने माखलेला.

'साहेब, ह्यो फोटोतला हात माझा हाय,' ती म्हणाली. 'ह्या माणसाला धरताय तर मलाबी धरा.'

फौजदारांना आधी समजलं नाही. चेअरमन वाकून बघायला लागले, एकदा फोटोकडे, एकदा आईच्या करंगळीकडे. आई तेवढ्यावर थांबली नाही. ती भैरू आप्पांकडे वळली. 'आप्पा, मी ह्येच्या बैलांस्नी ओवाळत हुते. तुम्ही माझ्या मागं हुतासा. नारळ तुम्हीच फोडलासा.'

भैरू आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांचं पाणी तुटलं होतं, हातचं पीक डोळ्यांदेखत वाळत होतं. ते जमिनीकडे बघत म्हणाले की फोटो जुना असेलही, पण पेपरवाले उगीच कशाला छापतील?

'ते आमच्याच घरातनं जातंय, आप्पा,' आई म्हणाली. 'मला इचारा की.'

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने गर्दी जरा सैल झाली. जीव भांड्यात पडावा असं मात्र काही झालं नाही. फौजदारांनी किसनला जीपमध्ये बसवलंच. विचारपूस करून सोडतो, म्हणाले. आईने दोनदा विचारलं, मारणार न्हाय न्हवं? फौजदार पुढे चढून बसले आणि जीप गेली. ती सगळी दुपार आई दारात बसून होती. मिरच्या उखळात तशाच. मी शाळेत परत गेले नाही. घरात खोकल्याशिवाय आवाज नव्हता, कारण तिखटाचा खकाणा सगळीकडे बसला होता. एकदा मी तिला विचारलं, तू घाबरली नव्हतीस का? ती म्हणाली, 'अजून घाबरल्याय की.'

दिवे लागायच्या सुमारास अण्णा आले, आणि त्यांच्याबरोबर किसन. बेळगावहून निपाणीला उतरून अण्णा सरळ पोलीस ठाण्यात गेले होते. तिथून दोघे चालत आले. किसनला मारलेलं नव्हतं, निदान तो तसं म्हणाला. आईने त्याला भाकरी वाढली, पण त्याने पाणी तेवढं घेतलं आणि तो कोपीकडे गेला. मग अण्णांनी खिशातून हा ठोकळा काढून जमिनीवर ठेवला. छापखान्यात खणांचं एक कपाट होतं, त्यांनी सांगितलं, आणि प्रत्येक खणावर गावांची नावं. ब्लॉक करायला खर्च येतो, म्हणून केलेला ब्लॉक टाकत नाहीत. आमच्या गावाच्या खणात एकच ब्लॉक होता. रात्रपाळीच्या माणसाने बातमीवर गावाचं नाव वाचलं, खण उघडला आणि हाताला लागला तो लावला. त्याच्या मनात काही नव्हतं. संपादक म्हणाले, खुलासा छापू. अण्णांनी खुलासा तिथेच बसून लिहून दिला, आणि कुणाला न विचारता ब्लॉक उचलून आणला. आयुष्यात त्यांनी न विचारता उचललेली ही एकच वस्तू असावी. तारा कुणी चोरल्या, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आज माझ्यापुढे बसलेली मुलं इथे मला थांबवतात. मग चूक कुणाची, असं विचारतात. त्यांना एक नाव हवं असतं. मी म्हणते, फौजदारांचं घ्या, आप्पांचं घ्या, रात्रपाळीवाल्याचं, माझ्या वडिलांचं घ्या. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा एकच तुकडा पुढे सरकवला होता. मोबाईलवर तर तेवढंही करावं लागत नाही, अंगठा टेकवला की झालं. मला याचीच धास्ती वाटते. तेव्हा निदान गावातली एक बाई चालत चावडीवर पोचू शकली. आजच्या फोटोच्या कडेला ज्याचा हात आहे तो माणूस कुठल्या गावात बसलाय आणि त्याने कुठल्या चावडीवर जायचं, हे मला सांगता येत नाही. पण कडेला बघा, एवढं सांगते. कापलेलं काय आहे ते बघा.

दुसऱ्या दिवशी मंदा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती हापशावर मला गाठून उभी राहिली. तिच्या हातात तो पेपर होता, दुकानातून मागून आणलेला, तेलाचे डाग पडलेला. 'वाच,' ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, 'तवा न्हाई वाचलीस. आता वाच.' मी वाचली. मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, बारीक आवाजात. ती मन लावून ऐकत होती, वर्गात धडा ऐकावा तशी. वाचून झालं तरी ती आणखी काहीतरी यायची वाट बघत राहिली.

'ह्याच्यात माह्या बापाचं नाव कुठं हाये?'

'न्हाय,' मी म्हटलं.

'मंग त्यांला कसं कळलं त्योच हाये म्हून?'

मी पेपरावर पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. आदल्या वर्षीच्या बातमीतही नाव नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तिचा बाप दोनदा पहिल्या पानावर आला होता, एकदा पूजेचा मानकरी म्हणून आणि एकदा चोर म्हणून, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. अण्णांनीही नाही. तिने पेपर माझ्या हातात तसाच ठेवला आणि ती गेली. त्या आठवड्यात मुकादमाने त्यांच्या गाड्या संकेश्वरकडच्या फडावर हलवल्या. आमच्या गावचा ऊस अजून उभा होता. पहाटे घुंगरांचा आवाज दारावरून गेला तो मी रोजचाच समजून ऐकला आणि कूस बदलली. सकाळी गायरानात नुसती पाचटाची वर्तुळं आणि चुलींची राख होती. मंदाने माझ्यासाठी काही निरोप ठेवला असेल असं उगीच वाटून मी शाळेत पोरांना विचारत फिरले. तिने तो ठेवला नव्हता.

खुलासा त्यानंतर आला. आतल्या पानावर, जाहिरातींच्या मध्ये, तीन ओळींचा. अण्णांनी लिहून दिलेल्यातलं किसनचं नाव जागेअभावी गळलं होतं. अण्णांनी तो वाचला आणि पेपर माझ्याकडे दिला. आई चुलीपुढून बघत होती. ती म्हणाली, 'आज वाच हं.'

प्रार्थना झाली, सुविचार झाला. मी पायरीवर चढले आणि रीतीप्रमाणे अण्णांची बातमी पहिली वाचली. अमुक दिवशीच्या बातमीसोबतचं छायाचित्र गतवर्षीचं असून त्याचा त्या घटनेशी काही संबंध नाही, चुकीबद्दल दिलगीर आहोत. तिसरीच्या रांगेत गुरुजींनी मंदाची जागा अजून तशीच ठेवली होती, मधे एका पोराएवढी फट. पेपरवरची नजर न काढता, जणू तिथेच छापलंय अशा आवाजात, मी पुढचं वाचलं. छायाचित्रातल्या माणसाचं नाव किसन आहे. ते मंदाचे वडील आहेत. त्यांचं आडनाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही.

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पेपर त्यांनी सकाळीच दुकानात वाचला असणार, खुलासा किती ओळींचा आहे हे त्यांना माहीत होतं. आता ओरडा बसणार म्हणून मी पेपर घट्ट धरून उभी राहिले.

'मागं ऐकू आलं न्हाय,' गुरुजी म्हणाले. 'परत वाच.'